गर्भाशय काढल्यानंतरचे दिवस

'पिशवी काढली' एवढे दोन शब्द सांगून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु नेमके काय काढले, हे पुष्कळदा त्या स्त्रीलाच ठाऊक नसते. आणि तिचे पुढील आरोग्य बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक बीजांडकोश असतो. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी व गर्भधारणा थांबते. बीजांडकोशांचे कार्य मात्र चालू राहते. त्यांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हाडांचे बळ टिकविते. बीजांडकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती क्रमाने न येता एकाएकी येऊन ठेपते. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घाम फुटतो, झोप उडते, मन चिडचिडे होते. घरातील माणसे याला 'स्वभाव बदलला' असे म्हणतात, हे दुर्दैव होय. पंचेचाळिशीच्या आत असे घडल्यास हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा वेळी अन्य अडचण नसल्यास सुमारे पन्नाशीपर्यंत संप्रेरकांचे उपचार घेण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. म्हणून रुग्णालयातून निघताना बीजांडकोश राखले किंवा कसे, हे विचारून घ्यावे व कागद जपून ठेवावेत. गर्भाशयमुख राखले असल्यास तेथील कर्करोगाची तपासणी पुढेही करावी लागते.

पोटावर छेद घेऊन शस्त्रक्रिया झाली असेल, तर पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. वरची जखम लवकर भरते, आतील टाके मात्र सावकाश जुळतात. या काळात भरलेली कळशी किंवा कडेवरचे मूल उचलू नये. तथापि बिछान्यास खिळून राहणेही घातकच. दुसऱ्या दिवसापासून थोडे चालावे. एका पोटरीस सूज येऊन ती दुखू लागल्यास, दम लागल्यास, ताप आल्यास, अधिक रक्तस्राव अथवा दुर्गंधीयुक्त स्राव झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

विश्रांती सांगणे सोपे आहे. परंतु मुकादमाकडून उचल घेतलेल्या स्त्रीने ती घ्यावी कशी? बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये, त्यांतही तरुण वयात, ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले व महाराष्ट्र शासनाने चौकशी समिती नेमली. अनावश्यक शस्त्रक्रियांस आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, त्यांनी कंबरदुखी व थकवा केवळ श्रमाचा समजून अंगावर काढू नये. जुने कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञास भेटावे.

शरीरात पोकळी राहते, ही भीती निराधार आहे. ती जागा आतडी व्यापतात. वैवाहिक संबंधही संपत नाहीत. साधारणतः सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून अनुमती दिल्यावर, ते सुरू करता येतात. कोणास त्रासातून सुटल्याचे समाधान वाटते, कोणास मातृत्वाची वाट मिटल्याचे दुःख होते. त्या तपासणीस पतीने सोबत जावे आणि आपल्या शंका स्वतः डॉक्टरांना विचाराव्यात.