प्राचीन रोमचा कायदा आणि नदीवरील पूल

पूल कोणी बांधावा, त्याच्या मजबुतीची हमी कोणी घ्यावी आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न जितके स्थापत्याचे तितकेच कायद्याचे आहेत. प्राचीन रोमने त्यांची कोणती उत्तरे दिली, ते आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

रोम शहरात टायबर नदीवर फाब्रिशियस पूल आहे. मार्गांची देखरेख करणारा अधिकारी लुशियस फाब्रिशियस याने इ.स.पू. ६२ मध्ये तो बांधवून घेतला व तपासून मान्य केला, असा लेख पुलावरच कोरलेला आहे. इ.स.पू. २१ मध्ये दोन कॉन्सलांनी त्यास मान्यता दिल्याची नोंदही तेथेच आहे. जबाबदार व्यक्तीचे नाव असे लोकांसमोर राहिले. हा पूल आजही पादचाऱ्यांच्या उपयोगात आहे.

सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये कायदेपंडितांच्या मतांचा ‘डायजेस्ट’ हा संग्रह जारी केला. त्यातील लाबिओचे एक मत पाहा. एकाने सामानासाठी गाडी भाड्याने घेतली. वाटेत पुलाच्या मक्तेदाराने कर मागितला. गाडीचा कर कोणी भरावा? भाडे ठरवताना त्या पुलावरून जावे लागणार हे गाडीवाल्यास ठाऊक असेल तर त्यानेच भरावा, असे लाबिओ म्हणतो. पौलस या पंडिताच्या मते, मध्ये नदी असली तरी उतार किंवा पूल असल्यास दुसऱ्याच्या जमिनीतून गाडीवाटेचा हक्क निर्माण होऊ शकतो. नदी नावेनेच ओलांडावी लागत असेल तर नाही.

परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते इ.स. ४२३ चे राजशासन. त्या काळी उच्चपदस्थांना ‘हीन’ गणलेल्या सक्तीच्या सेवांतून सूट मिळत असे. या शासनाने ठरविले, की रस्ते व पूल यांचे काम हीन सेवांत मोजू नये आणि पद वा प्रतिष्ठा यांच्या आधारे कोणासही त्यातून सूट नसावी. सम्राटाच्या खाजगी मालमत्तेवर आणि चर्चवरही हा भार ठेवण्यात आला. जस्टिनियनच्या संहितेतही हा नियम कायम राहिला.

रोमचा समाज गुलामगिरीवर उभा होता आणि या नियमाने माणसे समान झाली नाहीत, हे विसरता येणार नाही. तरीही सर्वांच्या उपयोगाचे काम हलके नसते आणि त्याचा भार थोरामोठ्यांनाही टाळता येत नाही, एवढे त्या कायद्याने मान्य केले. विद्यार्थ्यांनी इतिहासातून हे अवश्य घ्यावे.