श्वासातील वायू व इंधनातील वायू : एक पाठटिपण



श्वसन व ज्वलन हे पाठ शिकविताना दोन्ही क्रियांत प्राणवायू खर्ची पडतो व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो, असे आपण सांगतो. ते खरेच आहे. परंतु पाठ तेथेच थांबला, तर मुलांच्या मनात एक चुकीची समजूत घर करते.

एका शाळाभेटीत मी वर्गात मागे बसलो होतो. हवेतील वाढत्या उष्म्याचा विषय निघाला. एक मुलगा शेजारच्या मुलीला म्हणाला, "तुमच्या घरात अकरा माणसं. सगळ्यांत जास्त वायू तुम्हीच सोडता!" वर्ग हसला, मुलीने मान खाली घातली. गुरुजींना उत्तर सुचले नाही. मी शिक्षक असताना हाच पाठ अनेक वर्षे असाच अर्धवट सोडला होता, याची मला आठवण झाली. त्या मुलीला द्यावयाचे उत्तर येथे मांडीत आहे.

प्रयोग : खाण्याचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा व वरची निवळी अलगद काढून घ्यावी. थोडी निवळी पेल्यात घेऊन पपईच्या पानाच्या वाळलेल्या, पोकळ देठाने तीत हळूहळू फुंकावे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून झाकण घालावे. ती विझताच बरणीत निवळी ओतून हलवावी. निवळी तोंडात वा डोळ्यांत जाता कामा नये. म्हणून फुंकण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. दोन्हीकडे निवळी दुधाळ होते. वायू एकच, हे सिद्ध झाले.

माप : आत घेतलेल्या हवेत हा वायू शेकडा ०.०४, तर उच्छ्वासात शेकडा सुमारे ४ असतो. एक माणूस दिवसाकाठी सुमारे १ किलो वायू सोडतो. अकरा माणसे ११ किलो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६ किलो वायू होतो. म्हणजे अकरा जणांचा दिवसभराचा श्वास चार-सव्वाचार लिटर डिझेलाइतका! इंधनापेक्षा वायू वजनाने अधिक कसा, असे मुले विचारतील. कार्बनच्या १२ भागांना हवेतील प्राणवायूचे ३२ भाग मिळून ४४ भाग वायू होतो, असे सांगावे.

उगम : खरा फरक येथे आहे. आपण भाकरी खातो. ज्वारीच्या ताटाने त्यातील कार्बन गेल्याच हंगामात हवेतून घेतला होता. श्वासावाटे आपण तो हवेला परत देतो. पुढचे पीक तो पुन्हा घेते. ही उसनवारीची फेड झाली. हवेतील साठा तिने वाढत नाही. चंद्रपूरकडील दगडी कोळशाची गोष्ट निराळी. त्यातील कार्बन २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी घेतला व तो जमिनीत गाडला गेला. आज तो जाळल्यास हवेत नव्याने भर पडते. खनिज तेलाचेही तसेच. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मापन सुरू झाले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० भागांहून अधिक आहे.

एक सावधगिरी ठेवावी. पीक काढताना पंपात वा ट्रॅक्टरात जळलेले डिझेल इंधनाच्याच खाती मांडावे, श्वासाच्या नव्हे. सरपणाचा कार्बनही तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले, तरच परत फिरतो.

स्वाध्याय : फळ्यावर 'परत दिलेला' व 'नव्याने आलेला' असे दोन रकाने आखावेत. बैलाचा श्वास, शेणाची गोवरी, रॉकेलचा दिवा, मोटारसायकल, विटभट्टीतील दगडी कोळसा ही उदाहरणे मुलांनी कारणासह योग्य रकान्यात लिहावीत.

घरात माणसे किती, यावरून कोणत्याही मुलास खाली पाहावे लागू नये, एवढी दक्षता या पाठात अवश्य घ्यावी. पाठ घेतल्यावर मुलांनी विचारलेले प्रश्न टिपून ठेवावेत व पुढील केंद्रसंमेलनात चर्चेस आणावेत.