जीवाणूंची मोजदाद : नमुन्याची तयारी

तंजावरच्या घरोघरी तांदूळ व उडीद वाटून रात्रभर ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी फुगून येते. हे काम मुख्यतः ल्यूकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस हा जीवाणू करतो, असे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आंबलेल्या पिठातील जीवाणूंची संख्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींवर जाऊ शकते. ती मोजावयाची कशी?

प्रथम पीठ चांगले ढवळून त्यातील १० ग्रॅम भाग मिठाच्या ०.८५ टक्के निर्जंतुक द्रावणाच्या ९० मिलिलिटरमध्ये मिसळावा. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात पेशींना इजा पोचते. हा जीवाणू जोड्यांनी व साखळ्यांनी राहतो. अखंड राहिलेल्या साखळीपासून तबकडीवर एकच वसाहत उगवते आणि दहा पेशी एक म्हणून मोजल्या जातात. याकरिता मिश्रण जोराने हलवावे.

त्यानंतर १ मिलिलिटर मिश्रण ९ मिलिलिटर द्रावणात, याप्रमाणे पाच वेळा विरल करावे. प्रत्येक वेळी नवे पिपेट घ्यावे. जुन्याला चिकटलेल्या पेशी पुढील नळीत उतरतात. विलंब करू नये, कारण तेवढ्यात पेशींची संख्या बदलते.

शेवटच्या नळीतील ०.१ मिलिलिटर द्रव तबकडीवर पसरावा. ३० ते ३०० वसाहती असलेली तबकडीच गणनेस घ्यावी. समजा, १५० वसाहती आढळल्या, तर ग्रॅममागे संख्या १५० कोटी होते. म्हणजे एका वसाहतीची चूक उत्तरात एक कोटीची होते. साखळ्या पूर्णपणे सुटल्याची खात्री नसल्यामुळे या आकड्याला पेशींची संख्या न म्हणता वसाहत निर्माण करणाऱ्या एककांची संख्या म्हणतात.