बापाने आणलेले खेळणे

(घरच्या व मंडळीतील अभ्यासासाठी पाठ. वाचावयाचे शास्त्रभाग : जखऱ्या ८:४-५, नीतिसूत्रे २२:६, मत्तय २५:१४-३०.)

यरुशलेमेवर देवाची कृपा पुन्हा होईल तेव्हा ते नगर कसे दिसेल, याचे चित्र जखऱ्या संदेष्ट्याने रेखाटले आहे. त्यात हाती काठी घेऊन चौकात निवांत बसलेली वृद्ध माणसे आहेत, आणि रस्तोरस्ती खेळणारी मुले व मुली आहेत. मुलांचा खेळ हे देवाच्या कृपेचे एक चिन्ह होय, असे संदेष्ट्याने मानले. आपल्या घरांत मात्र खेळाविषयी बहुधा दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो, "खेळून का कोणाचे पोट भरते?" आणि दुसरा कोणी, मुलाने हाती पाटी धरली की "हा मास्तर होणार" व काठी धरली की "हा फौजदार होणार" असे भविष्य सांगून मोकळा होतो. ही दोन्ही मते चुकीची आहेत, असे आम्हांस वाटते. ती का, हे या पाठात पाहू.

हा विषय आपणांस क्षुल्लक नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजापणजांस जन्माबरोबरच धंदा नेमून दिलेला होता. मूल रांगू लागण्यापूर्वीच त्याच्या हाती पुढे कोणते काम यावयाचे, हे गावाने ठरविलेले असे. त्याच्या बोटांत काय कसब आहे, हे कोणी विचारीत नसे. ज्यांस प्रभूने त्या बंधनातून मोकळे केले, त्यांनी आपल्या मुलांवर दुसरे तसेच बंधन घालू नये, म्हणून हा विचार करावयाचा.

१. एका बिशपाच्या घरची गोष्ट

अमेरिकेत मिल्टन राईट या नावाचे युनायटेड ब्रदरन मंडळीचे एक बिशप होते. मंडळ्यांच्या भेटी घेण्यासाठी त्यांस वारंवार प्रवास करावा लागे. १८७८ साली अशाच एका प्रवासाहून परत येताना त्यांनी आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू व पातळ कागद यांचे ते केलेले होते, आणि रबराचा पीळ सुटला म्हणजे त्याची पाती गरगर फिरत. बिशपांनी ते हातांत झाकून आणले व एकाएकी वर सोडले. ते खाली न पडता थेट आढ्याकडे उडाले! विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा व ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. त्या मुलांनी त्या खेळण्यास 'वटवाघूळ' असे नाव दिले.

खेळणे नाजूक होते. ते लवकरच मोडले. परंतु मुले रडत बसली नाहीत. त्यांनी तसेच दुसरे केले, मग त्याहून मोठे केले. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. खेळणे जितके मोठे करावे तितके ते कमी उडे! याचे कारण त्या वयात त्यांस समजले नाही. लांबीरुंदी दुप्पट केली तर ते उडविण्यास दुप्पट नव्हे, तर आठपट शक्ती लागते, हे त्यांस पुढे कळले. कारण समजले नाही तरी प्रश्न मात्र मनात राहिला.

त्यानंतर ते पतंगांच्या नादी लागले. ऑर्व्हिल पतंग करण्यात पटाईत होता व सोबत्यांस ते विकीतही असे. पुढे वय वाढल्यावर हा पोरखेळ आपणांस शोभत नाही असे वाटून त्यांनी पतंगही सोडले. त्यांनी छापखाना चालविला. १८९२ साली डेटन शहरी सायकलींचे दुकान घातले. खेळ संपला असेच कोणीही म्हटले असते. परंतु १८९९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, विल्बरने पुन्हा एक पतंग केला. वाऱ्यात पंख पिळून तोल कसा सांभाळता येईल, हे त्याला त्यावर पाहावयाचे होते. १९०१ साली दोघां भावांनी सहा फूट लांबीच्या पेटीतून वारा सोडून सुमारे दोनशे निरनिराळे लहान पंख तपासले. शेवटी १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथील वाळवंटी किनाऱ्यावर त्यांचे यंत्र माणसास घेऊन उडाले. पहिले उड्डाण केवळ १२ सेकंदांचे व १२० फुटांचे होते. त्याच दिवशी चौथ्या खेपेस ते ५९ सेकंद हवेत राहिले व ८५२ फूट गेले. बिशपांनी खेळणे आणल्यास त्या वेळी पंचवीस वर्षे झाली होती.

२. यावरून काय शिकावे?

पहिली गोष्ट ही की, खेळणे धंदा ठरवीत नाही. तशी खेळणी दुसऱ्याही पुष्कळ मुलांच्या हाती आली असतील. ती सर्व काही विमाने करू लागली नाहीत. खेळण्याने या भावांस मोडलेली वस्तू पुन्हा करण्याची सवय लाविली आणि न सुटलेला प्रश्न जवळ बाळगण्याचा धीर दिला. हे दोन गुण असले म्हणजे शेतकरी, गवंडी, परिचारिका, शिक्षक, कोणीही आपल्या कामात पुढे जातो. खेळात मुलाचे हात व मन घडते. त्या हातामनाने कोणते काम करावे, हे पुढे प्रभू दाखवितो.

दुसरी गोष्ट मुलींविषयी. या भावांची आई सुझन ही गाड्या तयार करणाऱ्या एका कारागिराची मुलगी. लहानपणी ती बापाच्या कारखान्यात वावरत असे, व तेथेच ती हत्यारे चालविण्यास शिकली. पुढे आपल्या मुलांसाठी ती स्वतः खेळणी करून देई. त्या घरी यंत्राचे ज्ञान आईकडून आले! आपल्याकडे मुलीच्या हाती भातुकलीची बोळकी देतात, आणि तिने भावाचा भोवरा घेतला तर तिला दटावतात. भातुकली वाईट नव्हे. मापाने वाटून देणे व घर चालविणे तिच्यात शिकता येते. परंतु मुलाने भातुकली खेळू नये व मुलीने हातोडी धरू नये, असा नियम शास्त्रात कोठे आहे?

तिसरी गोष्ट ही की, बालपणीची आवड पोटाच्या धंद्याबाहेर राहूनही सेवेस उपयोगी पडते. विल्यम केरी यांची खोली लहानपणी किडे, पक्षी व झाडेझुडपे यांनी भरलेली असे. पुढे ते जोडे शिवण्याचा धंदा शिकले; मग उपदेशक झाले व १७९३ साली बंगाल्यात आले. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापणारे केरी ते हेच. त्यांची बालपणची आवड विझली नाही. श्रीरामपूर येथे त्यांनी मोठी बाग लाविली, आणि या देशातील शेती व बागाइती सुधारावी म्हणून १८२० साली एक संस्था स्थापिली. धन्याने दिलेले रुपये चाकराने पुरून ठेवू नयेत, हे दृष्टान्तात आपण वाचतोच. लेकराच्या अंगचा गुण आईबापांनी पुरून टाकणे, हाही त्याच जातीचा दोष नव्हे काय?

३. गरिबाच्या घरी काय करावे?

कोणी म्हणेल, "आम्ही खेळणी कोठून आणावी?" याचे उत्तर आपल्याच प्रांतात मिळते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे खेड्यातील बालकांसाठी शिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये वाढले. परदेशी पद्धतीची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती; म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंनीच मुले मोजण्यास व रंग-आकार ओळखण्यास शिकली. जी मुले शाळेत येत ना, त्यांच्या पाड्यावर अंगणवाडी गेली. आणि जी गुरांमागे जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली.

आपल्या अंगणातही चिंचोके, सागरगोटे, चिकणमाती व बांबूची कांब आहेच. मातीचे बैल करणारे मूल बैलाचा खांदा कसा असतो हे नीट पाहते. विटीदांडूत ते अंतर मोजते. लगोरीत हरल्यावर पुन्हा उभे राहते. आईबापांचे काम इतकेच की, खेळास दिवसातून थोडा वेळ राखून द्यावा, मुलाने केलेली वस्तू हाती घेऊन पाहावी, आणि ती मोडली तर "पुन्हा कर बरे" असे म्हणावे. मुलाने घरकामास हात लावावा हे योग्यच आहे. परंतु सारा दिवस कामात घालवून त्याचे बालपणच हिरावून घेणे योग्य नाही.

बिशप राईट यांनी मुलांकडून विमानाची अपेक्षा केली नव्हती. लेकरांस आनंद व्हावा म्हणून त्यांनी एक खेळणे आणले होते. २५ मे १९१० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते ऑर्व्हिलच्या शेजारी बसून प्रथमच आकाशात गेले. यंत्र वर चढू लागले तेव्हा त्या वृद्ध सेवकाने भिऊन खाली उतरविण्यास सांगितले नाही, तर आणखी वर ने, असेच मुलास सांगितले. आपल्या लेकरांच्या बाबतीतही आपल्या मुखी हेच शब्द येवोत.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या वस्तीतील मुले कोणते खेळ खेळतात? त्या प्रत्येकातून कोणता गुण वाढतो?

२. "हे आपले काम नव्हे" असे आपण मुलांमुलींस कोणत्या खेळाविषयी म्हणतो? ते सुवार्तेस धरून आहे काय?

३. मुलाने केलेली वस्तू मोडली, तेव्हा मागील आठवड्यात आपण काय बोललो?

प्रार्थनेचा विषय : ज्या मुलांस खेळावयास वेळ मिळत नाही ती मुले, व त्यांचे आईबाप.