एका अल्ट्रावाइड मॉनिटरवर दोन कॉम्प्युटर: स्क्रीन वाटली जाते, कीबोर्ड नाही!



माझ्या काउंटरवरचा ३४ इंची मॉनिटर बघून बरेच जण विचारतात, "सर, बिलिंगचा पीसी आणि लॅपटॉप एकाच स्क्रीनवर कसे दिसतात?" आज तेच शिकूया. यात माझी एक चूकही सांगणार आहे, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही.

आधी स्वतःला विचारा: दोन मशीन खरंच लागतात का?

बिलिंग आणि एक्सेल एकाच पीसीवर चालत असेल, तर काहीच करायची गरज नाही. विंडोज ११ मध्ये विंडोज बटण आणि झेड एकत्र दाबा, मांडणी निवडा. काम झालं. मशीन खरंच दोन असतील तरच पुढे वाचा.

पीबीपी म्हणजे काय?

पिक्चर बाय पिक्चर. मॉनिटर दोन केबलमधून येणारी दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवतो. सगळ्या अल्ट्रावाइडमध्ये ही सोय नसते, म्हणून खरेदीआधी माहितीपत्रकात 'पीबीपी' शब्द शोधा.

निम्मी स्क्रीन म्हणजे नेमकी किती?

- २५६० बाय १०८० चा मॉनिटर: निम्मे १२८० बाय १०८०. रुंद एक्सेल शीटला अपुरे.
- ३४४० बाय १४४० चा: निम्मे १७२० बाय १४४०. बिलिंगला मस्त.
- ५१२० बाय १४४० चा (४९ इंची): निम्मे २५६० बाय १४४०, म्हणजे दोन पूर्ण मॉनिटरच.

सीसीटीव्हीचं चित्र आडवं असतं. ते ३४ इंचीच्या अर्ध्यात टाकलं तर वर-खाली काळे पट्टे येतात किंवा चित्र ताणलं जातं. त्यासाठी पीआयपी, म्हणजे कोपऱ्यातली छोटी खिडकी बरी.

सेटिंग

१. पीसी डिस्प्लेपोर्टला आणि लॅपटॉप एचडीएमआयला जोडा.
२. मॉनिटरच्या बटणाने मेनू उघडा, पीबीपी चालू करा, डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण ते निवडा.
३. दोन्ही मशीनवर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन निम्म्याचं रिझोल्यूशन निवडा. ही पायरी विसरलात तर अक्षरं चेपलेली दिसतात.
४. आवाज कुठल्या मशीनचा हवा, तेही मेनूतच ठरवा.

आता माझी चूक

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान. शनिवार संध्याकाळ, काउंटरवर गर्दी. डावीकडे बिल, उजवीकडे लॅपटॉपवर होलसेलरची ऑर्डर उघडी. गिऱ्हाईक म्हणालं, "२४ बल्ब द्या." मी नजर बिलावर ठेवून २४ टाइप केलं, एंटर मारला. पण हात लॅपटॉपच्या कीबोर्डवर होते! २ गीझरच्या जागी २४ गीझरची ऑर्डर गेली. होलसेलरने खात्री करायला फोन केला म्हणून वाचलो. नाहीतर तेवढं भांडवल पुढचा हिवाळा येईपर्यंत गोदामात अडकलं असतं.

चित्र एका काचेवर आलं म्हणून मशीन एक होत नाहीत, हे तेव्हा कळलं.

उपाय

- फुकट: मायक्रोसॉफ्ट पॉवरटॉईजमधलं 'माऊस विदाऊट बॉर्डर्स'. दोन्ही मशीन विंडोजची आणि एकाच नेटवर्कवर हवीत. माऊस ज्या बाजूला, कीबोर्डही त्याच मशीनचा.
- थोडा खर्च: केव्हीएम स्विच. काही मॉनिटरमध्ये तो आतच असतो, पण दोन्ही मशीनची यूएसबी केबल मॉनिटरला जोडावी लागते.
- आणि सवय: पैशाची किंवा मालाची एंट्री असेल तर एंटरआधी कर्सर कुठे लुकलुकतोय ते बघायचं. मी लॅपटॉपच्या कीबोर्डला लाल टेपही लावली आहे.

गृहपाठ: आज दुकान बंद करताना दोन्ही मशीनवर नोटपॅड उघडा आणि दहा वेळा बाजू बदलून टाइप करा. दहाही वेळा अक्षर बरोबर जागी पडलं, तरच उद्या गिऱ्हाइकासमोर ही सेटिंग वापरा.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा वाढवा, पण एंटर जपून मारा!