डब्यावरील रंग पाहा, मगच औषध फवारा

पिंगळी परिसरातील कापूस उत्पादक बंधूंनो, फवारणीपूर्वी कीटकनाशकाच्या डब्यावरील तिरपा चौकोन पाहावा. कीटकनाशके नियम, 1971 नुसार त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग औषधाचा विषारीपणा दाखवितो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र, निळा मध्यम व हिरवा सौम्य. लाल रंगासोबत कवटीचे चिन्हही असते. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून रंग कोणताही असो, हातमोजे व मास्क वापरावेत. औषध दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नये. रंग व नाव दोन्ही नाहीसे होतात. विषबाधा झाल्यास रुग्णासोबत डबा व माहितीपत्रकही डॉक्टरांकडे न्यावे. त्यावर उतारा दिलेला असतो.