गोल बाजार ते रोम : प्रवासाचे नियोजन

प्रस्तावना

प्रवासवर्णन वाचताना लेखकाने पाहिलेली शहरे आपल्यालाही दिसू लागतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने तर असंख्य मराठी वाचकांना घरबसल्या युरोप दाखवला. परंतु प्रत्यक्ष प्रवासाला निघायचे, तर उत्सुकतेच्या जोडीला नियोजनही लागते. वेळ, पैसा आणि शारीरिक शक्ती या तिन्ही गोष्टी मर्यादित असतात. त्यांचा मेळ कसा घालावा, हे या पाठात एका कल्पित उदाहरणाच्या साहाय्याने समजून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• प्रवासाचा मार्ग कारणांसह ठरवणे;
• कोणते काम आधी व कोणते नंतर करावे, हे सांगणे;
• एकाच शहराची स्थानिक व प्रचलित नावे ओळखणे.

मूळ पाठ

रायपूरचा गोल बाजार ही शहरातील जुनी व गजबजलेली बाजारपेठ. समजा, तेथे भांड्यांचे दुकान चालवणारे एक मराठी दांपत्य आहे. दोघांचीही साठी जवळ आली आहे. अनेक वर्षांच्या बचतीतून त्यांना एकदाच, पंधरवड्यापुरते, युरोपला जायचे आहे. सहल कंपनीबरोबर न जाता रेल्वेने, आपल्या गतीने फिरावे अशी त्यांची इच्छा आहे.

पहिल्या यादीत नऊ शहरे होती : लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम. यादी पाहून पत्नी म्हणाली, "अहो, नऊ शहरं म्हणजे नऊ वेळा सामान बांधायचं आणि नऊ वेळा सोडायचं. मग पाहायचं कधी?" हा प्रश्न नियोजनाचा पाया ठरला. शहर बदलण्याच्या दिवसाचा बराच भाग खोली सोडणे, स्थानक गाठणे, गाडीत बसणे आणि नवी खोली शोधणे यांतच जातो. तेथील स्थानकांवर आपल्याप्रमाणे हमाल सहसा मिळत नाहीत. आपले ओझे आपल्यालाच उचलावे लागते.

लंडन वगळण्यामागे दुसरेही कारण होते. युरोपातील २९ देशांनी शेंगेन करारानुसार एक सामाईक क्षेत्र निर्माण केले आहे. एकाच व्हिसावर तेथे १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ब्रिटन या क्षेत्रात नाही. त्यासाठी स्वतंत्र व्हिसा व स्वतंत्र शुल्क लागते. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसला, तरी शेंगेन क्षेत्रात आहे.

अखेर चार शहरे उरली : पॅरिस ४ रात्री, झुरिक ३, फ्लॉरेन्स ३ आणि रोम ४. विमानाने पॅरिसला उतरायचे आणि रोमहून परतायचे, असे ठरले. त्यामुळे त्याच वाटेने मागे येण्याचा दिवस वाचला. पॅरिसहून झुरिक सुमारे चार तासांवर आहे. झुरिकहून मिलानमार्गे फ्लॉरेन्सला जाण्यास गाडी बदलण्याच्या वेळेसह साधारण सहा तास लागतात. या वाटेवर २०१६ मध्ये खुला झालेला ५७ किलोमीटर लांबीचा गोट्हार्ड बोगदा लागतो. फ्लॉरेन्सहून रोम दीड तासावर आहे.

आता अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? उतरायचे पॅरिसला, म्हणून फ्रान्सकडे, असे सहज वाटते. परंतु नियमानुसार ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम समान असेल, तरच प्रथम प्रवेशाचा देश धरला जातो. येथे इटलीत ७ रात्री होतात. म्हणून अर्ज इटलीकडे करणे योग्य. अर्जासोबत किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण दाखवावे लागते. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पारपत्र वैध असावे लागते.

यानंतर खरा पेच येतो. भारतातील बहुतेक गाड्यांचे भाडे ठरलेले असते. युरोपातील अनेक वेगवान गाड्यांचे भाडे मात्र विमानासारखे वाढत जाते. लवकर घेतलेले तिकीट स्वस्त. पण अशा तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. व्हिसा नाकारला गेला, तर बचत बुडते. फार थांबले, तर भाडे वाढते. यावर उपाय म्हणजे कामांचा क्रम. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयास साधारणतः १५ दिवस लागतात. काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. म्हणून चार महिने आधी अर्ज करावा, रद्द करता येईल अशीच निवासाची नोंदणी दाखवावी आणि व्हिसा हाती आल्यावर रेल्वेची तिकिटे घ्यावीत.

युरोपाबाहेरील प्रवाशांसाठी 'युरेल' नावाचा पासही मिळतो. अनेक गाड्यांनी फिरणाऱ्यास तो सोयीचा असतो. पण फ्रान्स व इटलीतील वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते. प्रवास तीनच असतील, तर सुट्या तिकिटांशी तुलना करूनच निर्णय घ्यावा.

शेवटची गोष्ट भाषेची. स्थानकावरील फलकावर 'फ्लॉरेन्स' दिसत नाही, 'फिरेन्झे' दिसते. मिलानचे 'मिलानो', रोमचे 'रोमा', व्हिएन्नाचे 'वीन' होते. पॅरिसमध्ये तर अनेक मोठी स्थानके आहेत. झुरिकची गाडी 'गार द लियाँ' येथून सुटते. तिकिटावरील स्थानकाचे पूर्ण नाव वाचण्याची सवय असेल, तर परक्या मुलखातही वाट चुकत नाही.

पाठगत प्रश्न

१. दांपत्याने लंडन का वगळले? दोन कारणे लिहा.
२. पॅरिसला उतरूनही अर्ज इटलीकडे का करावा लागतो?
३. योग्य जोड्या लावा : फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, रोम – रोमा, फिरेन्झे, वीन.

तुम्ही काय शिकलात

• शहरांची संख्या कमी केली, की पाहण्याचा वेळ वाढतो.
• व्हिसा आधी, परत न करता येणारे तिकीट नंतर.
• स्वस्त काय, हे तुलना केल्याशिवाय कळत नाही.

स्वाध्याय

फ्लॉरेन्सची एक रात्र कमी करून इटलीत ६ आणि स्वित्झर्लंडमध्ये ४ रात्री राहायचे ठरले, तर अर्जाचा देश बदलेल का? तुमचे उत्तर कारणासह पाच-सहा वाक्यांत लिहा.